दुसऱ्याची भाषा, आपली वाक्यं



मागच्या बैठकीत आपल्या श्रोता गटात ऊसतोडीचा विषय निघाला होता. दसरा झाला की आपल्यातल्या कितीतरी जणी बिऱ्हाड बांधून बाहेर पडतात. कुणाची टोळी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कुणाची सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. तिकडे कानडी मुलखात गेल्यावर बोलायचं कसं, असं आम्ही विचारलं. एक अक्का म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मला तीनच शब्द आले. बा, होगु आणि बेग. म्हणजे ये, जा आणि लवकर."

आम्ही विचारलं, "हे शब्द कोण कुणाला म्हणायचं?"

त्या हसल्या. "आम्हाला म्हणायचे की! आम्ही कुणाला म्हणणार?"

सगळ्या हसल्या. मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. तिकडे असताना त्यांच्या नातवाला ताप आला. तीन दिवस अंग भाजत होतं. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई कानडीत काहीतरी विचारत होत्या आणि अक्का "ताप, ताप" म्हणत तीन बोटं दाखवत होत्या. तीन दिवस, तीन वेळा की पोराचं वय तीन, ते त्या बाईंना कळेना. शेवटी एक मराठी समजणारा माणूस सापडला तेव्हा काम झालं. अक्का म्हणाल्या, "पोरगं वाचलं. पण तेवढा वेळ मी मुक्या जनावरासारखी उभी होते, ते अजून विसरत नाही."

तापाला कानडीत 'ज्वर' म्हणतात. आपल्याही भाषेतला शब्द. "मूरु दिनदिंद ज्वर", म्हणजे तीन दिवसांपासून ताप आहे. एवढं एक वाक्य पाठ असतं तरी भागलं असतं.

तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यात घोळतो आहे. दुसरी भाषा शिकायची म्हणजे वही-पेन्सिल, व्याकरण, शाळा असंच आपल्याला वाटतं. पण रोजच्या वापरातली ठरलेली वाक्यं पाठ करून भाषा शिकण्याची रीत फार जुनी आहे. व्यापाऱ्यांनी ती वापरली, साहेबांनी वापरली, कारखानदारांनी वापरली आणि एकदा कामगार बायकांनीही वापरली. रीत तीच, पण पाठ करायची वाक्यं प्रत्येकाची वेगळी. आजच्या भाषणात आम्ही तोच इतिहास सांगणार आहोत.

भाव विचारणारी वाक्यं

साधारण पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. युरोपात अँटवर्प नावाचं मोठं बंदर होतं. आज ते बेल्जियम देशात आहे. देशोदेशीचे व्यापारी तिथे येत, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. तिथे नोएल द बर्लेमाँ नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी व्यापाऱ्यांसाठी एक पुस्तक तयार केलं. त्यात नुसते शब्द नव्हते, अख्खी संभाषणं होती. जेवणाच्या पंगतीत काय बोलायचं, माल घेताना घासाघीस कशी करायची, उधारी मागताना काय म्हणायचं, असं सगळं. एका बाजूला एक भाषा आणि शेजारी दुसरी. पुस्तक एवढं चाललं, की मास्तर वारल्यावरही ते छापत राहिले. पुढच्या आवृत्त्यांत तर सहा-सहा, आठ-आठ भाषा शेजारी शेजारी आल्या.

हाच नमुना पुढे पार समुद्रापलीकडे गेला. फ्रेडरिक द हाउटमन नावाचा एक डच दर्यावर्दी होता. मिरीच्या व्यापारासाठी तो सुमात्रा बेटावर गेला आणि तिथल्या आचेच्या सुलतानाने त्याला कैदेत टाकलं. १५९९ ते १६०१ अशी दोन वर्षं तो तिथे अडकून पडला. या काळात तो मलय भाषा शिकला. सुटून घरी गेल्यावर १६०३ मध्ये त्याने आम्स्टरडॅमला पुस्तक छापलं. त्यात शब्द होते आणि बर्लेमाँ मास्तरांच्या धर्तीवर रचलेली संभाषणंही होती. आपल्याच माणसांना तिकडे जाऊन बाजारात बोलता यावं, हा हेतू.

अशा पुस्तकांत निदान एक बरं असतं. व्यापारात दोन्ही बाजूंना बोलावं लागतं. एक म्हणतो, केवढ्याला देणार? दुसरा म्हणतो, एवढ्याला परवडत नाही. नकार देणारा माणूसही त्या पानावर असतो. आपल्या आठवडी बाजारातही असंच चालतं.

पण काळ बदलला. भाव विचारायला आलेली माणसं पुढे राज्य करायला बसली. मग पुस्तकातली वाक्यंही बदलली.

हुकमाची वाक्यं

आता आपल्या देशात येऊ. इंग्रजांच्या कंपनीने १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. विलायतेतून नोकरीसाठी आलेली कोवळी पोरं तिथे इथल्या भाषा शिकत. उद्या हीच पोरं कुठे सारा वसूल करणार, कुठे न्यायनिवाडा करणार. त्यांना बंगाली शिकवायला १८०१ मध्ये नेमलं विल्यम कॅरी यांना. कॅरी पाद्री होते. विलायतेत ते आधी चांभारकाम करत. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला त्यांचा छापखाना होता.

शिकवायला बसले तर बंगालीत गद्य पुस्तकंच नव्हती म्हणायला हरकत नाही. पोथ्या होत्या, पदं होती, पण गावात माणसं बोलतात तशी भाषा छापलेली कुठे मिळणार? म्हणून त्याच वर्षी त्यांनी 'कथोपकथन' नावाचं पुस्तक काढलं. त्यात तीसेक संभाषणं आहेत. बंगालीत लिहिलेली, सोबत इंग्रजी भाषांतर. ती कॅरींनी एकट्याने रचलेली नाहीत. इथल्याच जाणत्या माणसांकडून लिहवून घेतल्याचं त्यांनी स्वतः नमूद केलं आहे. कॉलेजातले पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांचा त्यात मोठा हात असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

या पुस्तकात विषय कोणते आहेत बघा. नोकर कामावर ठेवणं. साहेबाचे हुकूम. साहेब आणि मुनशी. बागकाम करून घेण्याचे हुकूम. सावकार आणि कर्जदार. जमीनदार आणि रयत. मजुरांचं बोलणं. लग्न जुळवणं. भिकाऱ्याचं बोलणं. बाजाराला निघालेल्या बायका. आणि हो, बायकांचं भांडणही आहे! गल्लीत दोघी एकमेकींना बोल लावतात, तसलं रंगलेलं भांडण छापलं आहे. त्याआधी बायकांची रोजची बोली छापील पुस्तकात कुठे आली असणार? म्हणून आज बंगाली भाषेच्या इतिहासात या पुस्तकाला मान आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा मजूर कसा बोलायचा, कोळी कसा बोलायचा, बायका कशा बोलायच्या, ते त्यात सापडतं.

मराठीशीही याचा थेट संबंध आहे. पुढे कॅरींकडे मराठी शिकवण्याचं कामही आलं. १८०५ मध्ये श्रीरामपूरहून त्यांनी इंग्रजीत मराठीचं व्याकरण छापलं आणि त्याच्या शेवटी रोजच्या विषयांवरची मराठी संभाषणं जोडली. कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ यांची त्यांना या कामात मदत झाली. पाठोपाठ १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोशही आला. साल लक्षात घ्या, १८०५. पुण्यात तेव्हा पेशवाई होती. १८०३ पासून इंग्रजांची शिंदे, भोसले, होळकर यांच्याशी लढाई चालली होती. एकीकडे लढाई आणि दुसरीकडे मराठीचे धडे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा राज्य चालवायला लागणारी भाषा इंग्रजांच्या हाताशी आधीच आलेली होती.

कॅरींना आम्ही दोष देत नाही. त्यांनी लोकांची बोली कान देऊन ऐकली, हे मोठंच काम. पण आम्ही त्या विषयांच्या यादीकडे बघत बसलो. नोकर ठेवायची वाक्यं आहेत, हुकूम सोडायची वाक्यं आहेत. ते पुस्तक ज्याच्या हातात जाणार, त्या साहेबाच्या गरजेची वाक्यं आधी येतात. मजूर आणि बायका पुस्तकात आहेत, पण ते बोलतात ते साहेबाला कळावं म्हणून. साहेबाने त्यांना काही विचारावं आणि नाही ऐकून घ्यावं, यासाठी ते पुस्तक निघालेलं नाही.

आता अक्कांचे तीन शब्द आठवा. बा, होगु, बेग. ये, जा, लवकर. कानडीतही आपल्यासारखं आहे. बरोबरीच्या किंवा लहान माणसाला 'बा' म्हणतात आणि मान द्यायचा असेल तर 'बन्नि', म्हणजे या. अक्कांना पाच महिन्यांत एकदाही कुणी 'बन्नि' म्हटलं नाही, म्हणून त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. जे ऐकू येतं तेच पाठ होतं. हुकूमच ऐकू आले तर हुकूमच पाठ होणार.

पाठांतराने भाषा खरंच येते का?

मध्येच एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पोपटासारखी वाक्यं पाठ करून का कुठे भाषा येते?

याचं उत्तर शोधणारा एक माणूस आपल्याकडेच होता. थॉमस प्रेंडरगास्ट हे मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होते. निवृत्त होऊन ते विलायतेला परतले आणि पुढे त्यांची दृष्टी गेली. पण त्यांनी १८६४ मध्ये भाषा शिकण्यावर एक पुस्तक छापलं. त्यांनी पाहिलेलं होतं, की परक्या मुलखात गेलेली लहान मुलं खेळता खेळता तिथली भाषा उचलतात. ती सुटे शब्द उचलत नाहीत, अख्खं वाक्य उचलतात. नाम काय, क्रियापद काय, त्यांना ठाऊक नसतं. वाक्य कुठे वापरायचं तेवढं कळतं. प्रेंडरगास्ट म्हणत, मोठ्यांनीही तेच करावं. नेहमी लागणाऱ्या शब्दांची थोडी वाक्यं घ्यावीत, ती न अडखळता म्हणता येईपर्यंत घोकावीत आणि मग त्यातले शब्द बदलत जावेत. एकदम तासभर बसू नये. दिवसातून थोडा थोडा वेळ, पण पुन्हा पुन्हा.

हे आपल्याला सोयीचं आहे, नाही का? भाकरी थापताना, पाणी भरताना, मोळ्या बांधतानाही जमेल.

कानडीतच करून बघू. 'बेकु' म्हणजे पाहिजे. "नीरु बेकु", पाणी पाहिजे. हे एक वाक्य पक्कं झालं की पाण्याच्या जागी दुसरं काहीही ठेवा. "अक्कि बेकु", तांदूळ पाहिजेत. "चहा बेकु". आणि 'बेड' म्हणजे नको. "चहा बेड". बघा, दोन शब्दांत पाहिजेही म्हणता आलं आणि नकोही. कुणी व्याकरण शिकवलं नाही, पण कुठला शब्द आधी, कुठला नंतर, ते आपोआप कळलं.

पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत लिली वाँग फिलमोर नावाच्या अभ्यासक बाईंनी हेच जवळून पाहिलं. मेक्सिकोहून आलेल्या घरांतली स्पॅनिश बोलणारी पाच मुलं कॅलिफोर्नियातल्या शाळेत इंग्रजी कशी शिकतात, हे त्यांनी वर्षभर टिपून ठेवलं. मुलांनी आधी ठरलेली वाक्यं उचलली. हे कसं करायचं, मला पण दे, आता माझी पाळी, अशा तऱ्हेची. ती वापरून ती खेळात शिरली. खेळात शिरली म्हणून आणखी बोलणं कानावर पडलं. हळूहळू पाठ केलेलं वाक्य सुटं होऊ लागलं. त्यातला एक तुकडा काढून दुसरा बसवता येऊ लागला. सगळ्यांत जलद शिकली ती नोरा नावाने ओळखली जाणारी मुलगी. ती चुकायला घाबरत नव्हती आणि सतत दुसऱ्या मुलांमध्ये असायची.

यातून आम्हाला दोन गोष्टी कळल्या. एक, पाठ केलेलं वाक्य हे चुलीतल्या निखाऱ्यासारखं असतं. तो असला की पुढचा जाळ करता येतो. दोन, ते वाक्य असं हवं की ते म्हटल्यावर समोरचा आपल्याशी बोलू लागेल. 'बेग' ऐकून हात चालतात, पण बोलणं पुढे जात नाही.

भोंग्याची वाक्यं आणि युनियनची वाक्यं

आता शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जाऊ. तिथे तेव्हा पोलंड, इटली, रशिया अशा देशांतून लाखो गरीब माणसं पोट भरायला येत होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मग कारखान्यांनीच इंग्रजीचे वर्ग काढले.

शिकागोत शेतीची यंत्रं बनवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर नावाची मोठी कंपनी होती. तिने पोलिश कामगारांसाठी इंग्रजीचा जो पहिला धडा तयार केला, तो पुढे इतिहासाच्या पुस्तकांत गाजला. त्यात काय होतं? भोंगा ऐकू आला की मी घाई करायची. वेळेआधी जागेवर यायचं. भोंगा होईपर्यंत जेवायचं नाही. काम थांबवायचं तेही भोंग्यानेच. जागा स्वच्छ ठेवून घरी जायचं. सगळी वाक्यं 'मी'ची आहेत. पण त्या 'मी'ला विचारायचं काही नाही. मजुरी किती, हात कापला तर काय, आज बरं नाही, यासाठी त्या धड्यात एकही वाक्य नाही. कामगाराला इंग्रजी आलं, पण तेवढंच जेवढं भोंग्याला हवं होतं.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवण्याच्या कारखान्यांत हजारो मुली काम करत. बहुतेक सोळा ते पंचवीस वयाच्या. रशियाकडून आलेल्या ज्यू मुली, इटलीहून आलेल्या मुली. दिवस मोठा, मजुरी थोडी, वर सुई-दोऱ्याचे आणि उशिराचे पैसे कापून घेत. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कामगारांची मोठी सभा भरली. पुढारी लांबलचक भाषणं करत होते. तेव्हा क्लारा लेमलिच नावाची एक तरुण शिवणकामगार उठली आणि तिच्या मायबोलीत, यिडिश भाषेत बोलली, की आता भाषणं पुरेत, संप करू. दुसऱ्या दिवसापासून वीस हजारांवर कामगार बाहेर पडले आणि त्यांत बहुतेक मुलीच होत्या.

संपात एक अडचण मोठी होती. ज्यू मुलींना इटालियन कळत नव्हतं, इटालियन मुलींना यिडिश कळत नव्हतं, आणि पोलीस, न्यायाधीश, मालक हे सगळे इंग्रजी बोलणारे. एकमेकींशी बोलायलाही मधली भाषा लागत होती.

संप फेब्रुवारी १९१० पर्यंत चालला. पुष्कळ मालकांनी युनियनशी करार केले, काहींनी केले नाहीत. न करणाऱ्यांत ट्रँगल नावाचा कारखाना होता. २५ मार्च १९११ रोजी त्याच कारखान्याला आग लागली. एका बाजूच्या दाराला कुलूप होतं. १४६ माणसं मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. इंग्रजी येत असतं तर त्या वाचल्या असत्या, असं आम्ही म्हणणार नाही. कुलूप मालकाच्या माणसांनी लावलेलं होतं. पण दाराला कुलूप का, हे सगळ्यांनी मिळून विचारायला संघटना लागते, आणि वेगवेगळ्या देशांच्या बायकांची संघटना व्हायला सगळ्यांना कळेल असं बोलणं लागतं.

हे ओळखलं विमेन्स ट्रेड युनियन लीग या कामगार बायकांच्या संस्थेने. या सुमारास संस्थेसाठी व्हायोलेट पाइक नावाच्या बाईंनी इंग्रजी शिकवणारी धड्यांची पुस्तिका लिहिली. भाषांतरासह ती निरनिराळ्या भाषांच्या बायकांपर्यंत गेली. रीत तीच, छोटी, सोपी, पुन्हा पुन्हा म्हणायची वाक्यं. पण वाक्यांत कोण होतं? शिवणकाम करणारी मुलगी. ती किती तास काम करते, तिला किती मजुरी मिळते, युनियन असलेल्या आणि नसलेल्या कारखान्यांत काय फरक असतो, युनियनमध्ये कसं जायचं. मुलगी इंग्रजी शिकत होती आणि त्याच वाक्यांतून आपला हक्कही शिकत होती.

बघा मैत्रिणींनो, दोन्हीकडे तीच भाषा, तीच घोकंपट्टी, तसेच थकून आलेले कामगार. एका धड्यातून भोंग्याचं ऐकणारा माणूस तयार होतो आणि दुसऱ्या धड्यातून विचारणारी बाई. फरक एवढाच, की धडा कुणी लिहिला.

आपला धडा कुणी लिहायचा?

म्हणून आम्ही ठरवलं, की आपला धडा आपण लिहू. मागच्या बैठकीत आम्ही अक्कांना विचारलं, तुम्हाला पहिल्या वर्षी कुठली वाक्यं आली असती तर बरं झालं असतं? त्यांच्या सांगण्यावरून आणि आमच्या गटातल्या कानडी माहेरच्या वहिनींना विचारून ही यादी झाली. सोबत म्हणून बघा.

"ननगे अर्थ आगलिल्ल." मला समजलं नाही.

"मत्तोम्मे हेळि." पुन्हा सांगा.

"स्वल्प निधानवागि हेळि." जरा सावकाश सांगा.

"तूक एष्टु?" वजन किती झालं?

"लेक्क तोरिसि." हिशोब दाखवा.

"आस्पत्रे एल्लिदे?" दवाखाना कुठे आहे?

"मगुविगे ज्वर." लेकराला ताप आहे.

"नीरु बेकु." पाणी पाहिजे.

"बेड." नको.

अर्थ, स्वल्प, ज्वर हे शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. लेक्क म्हणजे आपला लेखाजोखाच. म्हणजे निम्मी ओळख आधीच झालेली आहे. आणि ही वाक्यं 'हेळि', 'तोरिसि' अशी मान देऊन बोलण्याची आहेत. आपण मान देऊन बोललो तर समोरच्यालाही 'बा' म्हणताना जरा अडखळायला होईल.

यादीच्या सुरुवातीला 'समजलं नाही' हे वाक्य का, असं एका वहिनींनी विचारलं. त्याचं कारण सांगतो. पाठ केलेल्या वाक्याची एक खोट आहे. आपण सफाईने विचारतो, "तूक एष्टु?" समोरचा सफाईने उत्तर देतो, आणि आपण पुन्हा गप्प! म्हणून प्रश्नाच्या आधी 'समजलं नाही, पुन्हा सांगा' हे पाठ हवं. ते म्हणायला लाज वाटते, पण त्या एका वाक्याने पुढची सगळी भाषा मिळते. वजनाच्या वाक्याबरोबर एक ते वीस आकडेही शिकून घ्या, म्हणजे काट्यावर उत्तर कळेल.

आणखी एक. वाक्याने हिशोब विचारता येतो, पण विचारणारी एकटी असेल तर तिला गप्पही करता येतं. न्यूयॉर्कच्या मुलींनी वाक्यं आणि संघटना दोन्ही बरोबर शिकल्या. टोळीतल्या दहा जणींना तेच वाक्य येत असेल आणि दहाही जणी काट्याजवळ उभ्या असतील, तर "लेक्क तोरिसि" याचं वजन वेगळं पडतं.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घरातली, जरा टोचणारी. आपण नेहमीच मजुराच्या जागी असतो असं नाही. आपल्या कांद्याच्या वावरात, द्राक्षबागेत, वीटभट्टीवर बाहेरची माणसं कामाला येतात. मेळघाटातून कोरकू बोलणारी माणसं येतात, नंदुरबारकडून भिल्ल बांधव येतात. त्यांच्याशी आपण मोडक्या हिंदीत काय बोलतो? "इधर आ. जल्दी कर. उधर रख." म्हणजे बा, होगु, बेग! साहेबाच्या हुकमांचं पान आपणही उघडून बसलेले असतो आणि आपल्याला कळतही नाही. आमच्याही तोंडी ही वाक्यं आहेत, हे कबूल करायला हवं. "आप कैसी हैं, बच्चे ने खाना खाया क्या, पैसे का हिसाब देख लो" हीदेखील तीनच वाक्यं आहेत. पाठ करायला तेवढाच वेळ लागतो. आणि त्यांच्या बोलीतला "पाणी घ्या" एवढा एक शब्दप्रयोग जरी विचारून शिकलो, तरी त्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघा.

तर या महिन्यात प्रत्येक गटाने एक काम करायचं. बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढायची. आपल्यातलं कोण कुठल्या मुलखात जातं, कुणाकडे कुठल्या मुलखातली माणसं येतात, ते विचारायचं. मग दहा वाक्यं ठरवायची. पाच आपल्याला तिथे विचारता यावीत म्हणून, पाच आपल्याकडे आलेल्यांना आपण बोलावीत म्हणून. वाक्यं आधी मराठीत ठरवा. भाषांतर सांगणारं कुणी ना कुणी गावात सापडतंच, एखादी परमुलखातून आलेली सून, ट्रकवाला, शाळेतल्या बाई. यादी रेडिओ केंद्रावर आणून द्या. ज्यांना त्या भाषा येतात त्यांच्या आवाजात आम्ही ती वाक्यं रोज सकाळी तीन-तीनदा ऐकवू. चुली पेटलेल्या असतात त्या वेळी.

अक्कांनी परवा निरोप पाठवला. यंदा टोळी निघेल तेव्हा यादीचा कागद त्या कनवटीला लावून नेणार आहेत. लिहिता-वाचता येत नाही, पण म्हणाल्या, "कागद नातीला वाचायला लावते आणि मी पाठ करते." नऊपैकी सहा वाक्यं त्यांनी फोनवर आम्हाला म्हणून दाखवली. शेवटी म्हणाल्या, "आता त्यांनी मला 'बा' म्हटलं तर मी काय म्हणू?"

आम्ही म्हटलं, "अक्का, तुम्ही त्यांना 'बन्नि' म्हणा."

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमची दहा वाक्यं ठरवून ठेवा. नमस्कार.